आजोबांकडचं कार्य

आमच्या कलिवारूत डोंगर फुटला, पेटला, खवळला असलं कुणी म्हणत नाही. मेरापी म्हणजे आमचे आजोबा, आणि आपल्या आजोबांबद्दल असं बोलतं का कुणी? वरून धूर जास्त यायला लागला, शिखरावरून लाल धोंडे घरंगळायला लागले, की आम्ही एवढंच म्हणतो, "आजोबांकडे कार्य आहे." आतला तापलेला रस वर येऊन थिजतो आणि शिखरावर त्याचा उंचवटा फुगत जातो, त्याला रेडिओवरचे साहेब लाव्हाचा घुमट म्हणतात. आम्ही त्याला मांडव म्हणतो. मांडव चढतोय, मांडव कलला, मांडवाची एक बाजू उतरली. साहेब हसतात, हसोत बापडे. त्यांना मोजमापाचा पगार मिळतो, आम्हाला इथं राहायचं असतं.

आता एका घरी कार्य असलं की शेजाऱ्याने त्याच दिवसांत दुसरं कार्य काढायचं नाही, ही आमची जुनी रीत. मदतीला येणाऱ्या बायका त्याच, मोठी पातेली तीच, पाहुणे तेच, मग माणसांनी जावं कुणाकडे? धाकट्याने थांबायचं. आजोबांच्या बाबतीत मात्र आम्ही ही रीत जरा सैल केली, कारण त्यांचा मांडव वर्षानुवर्षं उतरायचं नाव घेत नाही आणि लग्नाच्या पोरी तोवर काय घरात बसवून ठेवायच्या? त्यांची लग्नं आम्ही खाली सखल गावात, कुणा नातेवाइकाच्या अंगणात उरकतो. ही पळवाट सगळ्यांनी मान्य केली. एकट्या लेगिनेमने केली नाही.

लेगिनेम माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे, तिच्यावरून मीठमिरची, बातम्या आणि शिव्या यांची ये-जा चालते. शिव्या माझ्याकडून. ती बोलायचीच कमी. वयाने माझ्याएवढी, म्हणजे नातवंडं खेळवायच्या वयाची, पण तिला मूलबाळ नाही. नवरा सारिजो आजोबांकडच्या त्या मोठ्या कार्यात गेला. तेव्हापासून ती, तिची गाय आणि तिचं परसू.

आणि पोनिमान. तो खालच्या वळणावर राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न करून दूर सुराबायाला गेली. त्याच्या दोन गाई. रोज सकाळी तो गवताचे दोन भारे कापून आणतो, एक लेगिनेमच्या गोठ्यामागे टाकतो आणि एक आपल्या घरी नेतो. तिच्या एका गाईला एक भारा आणि त्याच्या दोन गाईंत मिळून एक! त्या मुक्या गाईंना बोलता आलं असतं ना, तर त्यांनी माझ्या दुकानात येऊन त्याचे वाभाडे काढले असते.

माझं दुकान म्हणजे एक बाकडं, एक चूल आणि फळीवर रेडिओ. चहा, कॉफी, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे, उकडलेले कंद. रेडिओ बटण दाबून बोलायचा, पहाऱ्याच्या चौकीशी जोडलेला. चौकीतले साहेब दिवसभर त्यावर आजोबांची तब्येत सांगत असतात.

आमच्याकडे बाईला असलं काही तोंडावर विचारत नाहीत. मधलं माणूस लागतं. ते मी. पोनिमानने पहिल्यांदा विषय काढला तेव्हा कॉफी इतका वेळ ढवळली की मलाच तिची कीव आली.

"वहिनी, तेवढं विचारून बघाल?"

"काय विचारू?" मी मुद्दामच म्हटलं.

"हेच आपलं... सगळ्या गाई एका गोठ्यात बांधल्या तर कसं, म्हणून."

"गाईंचं विचारू की तुमचं?"

कानापर्यंत लाल झाला बिचारा. मी भिंतीवरून विचारलं. लेगिनेम कपडे वाळत घालत होती. ती हातातला ओला झगा पिळत म्हणाली, "आजोबांकडचं कार्य उरकू दे. मग बघू."

मला वाटलं, चला, नाही तर म्हणाली नाही. पोनिमानला तर केवढा आनंद झाला. तेव्हापासून तो रोज रेडिओपाशी येऊन बसायला लागला. "साहेब, मांडव उतरला का?"

"काका, घुमट वाढतोय. पश्चिमेकडे कलतोय. वरच्या कुरणात जाऊ नका."

"पण उतरेल ना?"

"ते कसं सांगू काका? मध्येच थोडा ढासळतो, परत वाढतो."

दुकानात बसलेले लोक फिदीफिदी हसायचे. "काय नवरदेव, साहेबांकडून मुहूर्त काढून घेताय?" पोनिमानही हसायचा. एक पावसाळा गेला, मग दुसरा, मग मोजणंच सुटलं. मांडव वाढतच राहिला. पोनिमानचे दोन दात पडले, गवताचा भारा काही चुकला नाही. आणि मला राग यायला लागला. त्या बाईला नको असेल तर नको म्हणावं. डोंगराच्या नावावर एका भल्या माणसाला किती टांगून ठेवायचं?

शेवटी एकदा मी तिला गाठलंच. खालच्या गावात मुखियाच्या मुलीचं लग्न होतं आणि आम्ही कलिवारूच्या बायका मदतीला गेलो होतो. मदतीला बोलवावं लागत नाही, कार्य कळलं की बाईने पदर खोचून जायचं असतं. मी टोपल्यांवर होते. पाहुणे येताना तांदूळ, साखर, शेवया असं टोपलीत घालून आणतात, आणि ती टोपली यजमानाने कधी रिकामी परत द्यायची नाही, आपल्या चुलीवरचं काहीतरी घालूनच द्यायची. भात, रस्सा, गुळाच्या चिकट वड्या. ते भरायचं माझं काम. लेगिनेम कोपऱ्यातल्या कढईत वड्यांचा भात घोटत होती. दुसरं कुणी जवळ नाही असं बघून मी तिच्यासमोर बसले.

"आज मला खरं सांग. पोनिमान नको असेल तर मी त्याला सरळ सांगून टाकते. रडेल, चार दिवस जेवणार नाही, मग सुधारेल."

"मी नको कुठं म्हटलं?"

"मग? आजोबांचं कार्य हे काय निमित्त झालं? सगळं गाव पळवाट काढतं, आणि तू एवढी सोवळी कधीपासून?"

ती घोटतच राहिली. गूळ आळत आला की हात थांबवता येत नाही, म्हणून माझ्याकडे न बघता बोलता आलं असावं तिला.

"तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या आठवतं? सारिजो गेला तेव्हा?"

मला आठवलं. तो गवताला वर गेला होता. त्या दुपारी राखेचे ढग दरीतून खाली आले, कुरळ्या लोकरीची मेंढरं उधळल्यासारखे. नंतर कुरणच राहिलं नव्हतं, तर माणूस कुठून सापडणार? लेगिनेम डोळ्यांतून टिपूसही न काढता नुसती बसून राहिलेली. माझी सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, "रडू नको पोरी. आजोबांकडे एवढं मोठं कार्य, त्यांना हाताखाली माणसं लागतात. सारिजोला मदतीला बोलावून घेतलंय." ज्यांचं माणूस वर राहतं त्यांना आम्ही सगळेच असं म्हणतो. दुसरं म्हणणार तरी काय?

"मदतीला गेलेलं माणूस कार्य उरकल्यावर घरी येतं," लेगिनेम म्हणाली. "त्यातही भांडी घासायची, मांडव उतरवायचा, म्हणून सगळ्यांच्या शेवटी येतं. आणि आजोबांचा मांडव तर उतरतच नाही. मला कळतं गं, वार्सिया. मी वेडी नाही. तो येणार नाही हे मला कळतं. पण त्याला माती दिली नाही, त्याने निरोप घेतला नाही, कुणी मला सांगितलं नाही की आता हा सुटला. तो तिकडे कामात असताना मी इकडे दुसरं घर कसं मांडू? त्याला काय वाटेल?"

तेव्हा मला तो पेला कळला. रोज संध्याकाळी लेगिनेम ओसरीवर गोड चहाचा पेला ठेवते, वर पत्र्याचं झाकण. मी इतकी वर्षं भिंतीवरून बघत होते. मला वाटायचं, चहा करते आणि प्यायला विसरते. सकाळी ती तो थंडगार चहा केळीच्या मुळाशी ओतायची, आणि त्यावरून मी तिला साखरेची नासाडी करते म्हणून बोलले होते.

मी तिथंच टोपल्या सोडून रडत बसले. ती म्हणाली, "ऊठ, लोक म्हणतील धूर लागला तर एवढं काय." मग आम्ही दोघींनी वड्या थापल्या.

माझ्या पोटात काही राहत नाही हे गावाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी पोनिमानला सगळं सांगून टाकलं. तो हसेल किंवा उदास होईल असं वाटलं होतं. त्याने कॉफीतला चमचा काढून खाली ठेवला.

"म्हणजे वहिनी, मी इतकी वर्षं चुकीच्या दारात विचारत होतो."

"म्हणजे?"

"कार्याच्या घरातून माणूस सोडवून आणायचा असला तर यजमानाला विचारावं लागतं. बायकोला विचारून काय उपयोग?"

मला वाटलं, आपलं बोलायचं म्हणून बोलला. पण पुढच्या सकाळी तो दुकानावरून वर चढून जायला लागला, आणि गवताचा विळा नव्हता हातात. अंगात ठेवणीतला नक्षीचा सदरा, डोक्याला बांधीव रुमाल, पायांत बूट. हातात टोपली, तिच्यावर धुतलेला पंचा.

"अहो, कुणाचं लग्न?" मी ओरडले.

"आजोबांकडे जाऊन येतो, वहिनी. रिकाम्या हातांनी कसं जायचं, म्हणून तांदूळ घेतलेत. साखर घेतलीय थोडी."

"डोकं फिरलंय का तुमचं? मनाईची पाटी आहे तिथं! मांडव कललाय, काल साहेब काय म्हणाले ऐकलं नाहीत?"

"पाटीपलीकडे थोडंच जायचंय. जुन्या गोठ्याच्या दगडी धक्क्यापर्यंत. तिथून हाक मारली तरी पोचेल, आजोबा काही बहिरे नाहीत."

जुना गोठा पाटीच्या चांगलाच पलीकडे आहे. मी चुलीवरचं तेल उतरवून बाहेर येईपर्यंत तो वळणाआड झाला होता. या वयात असले धंदे! मी भिंतीशी जाऊन लेगिनेमला हाक मारली आणि सांगितलं. ती गाईला पाणी पाजत होती. बादली तिने हळूच खाली ठेवली.

"कशाला गेला?"

"सारिजोला सोडवायला. तुझ्यासाठी."

ती काही बोलणार तेवढ्यात रेडिओ खरखरला. साहेबांचा आवाज चढलेला होता. घुमटाची पश्चिम बाजू ढासळली, गरम ढग पश्चिमेच्या घळीतून खाली येतायत, सगळ्यांनी घळीपासून लांब व्हा, कुरणात कुणी असेल तर खाली या. मी बटण दाबून ओरडले, "साहेब, आमचा एक माणूस वर आहे!"

"कुठं?"

"जुन्या गोठ्यापाशी!"

मग साहेब म्हणाले, "घळ गोठ्याच्या पलीकडे आहे. वाचेल, पण राख येणार. तुम्ही वर जाऊ नका, काकू. कुणीच जाऊ नका."

मी मागे बघितलं तर लेगिनेम रस्त्यावर होती. सारिजो गेल्यापासून ही बाई पाण्याच्या टाकीच्या वर कधी चढली नव्हती. आता अनवाणी पळत होती. आणि मी एवढी जाडी बाई, साहेबांनी नको म्हटलेलं, आजवर कधी त्यांचा शब्द मोडला नाही, तरी तिच्यामागे निघाले. डावीकडे, झाडांच्या पल्याड, करडा ढग उठला होता, आणि त्याचा आवाज छातीत बसत होता. मग अंधारून आलं. राख पडायला लागली, आधी भुरभुर, मग चांगलीच. आम्ही डोक्यावरून ओढण्या घेतल्या. लेगिनेम थांबेना. नुसती म्हणत होती, "परत नाही. परत नाही. परत नाही."

पाटीपाशी तो आम्हाला भेटला. आधी ओळखूच आला नाही. सदरा करडा, रुमाल करडा, भुवया करड्या. बूट एकच. दोन्ही हातांनी टोपली पोटाशी धरून, पाय ओढत, खोकत खोकत येत होता.

लेगिनेम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आजवर तिने त्याला 'अहो पोनिमान' याशिवाय हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"मेल्या! मुडद्या! कुणी सांगितलं होतं तुला? एक वर ठेवून घेतलाय, तो पुरत नाही? तुलाही तिकडेच भांडी घासायची होती? आणि मी काय करायचं? दोन पेले भरून ठेवायचे?" आणि हे बोलता बोलता ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड खसाखसा पुसत होती. राखेखालून तो थोडा थोडा दिसायला लागला.

"मी विचारलं त्यांना," पोनिमान म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "तांदूळ दगडावर ओतले, साखर ठेवली. म्हटलं, आजोबा, तुमच्याकडे सारिजो म्हणून आमचा एक माणूस फार दिवस कामाला आहे. फार काम झालं त्याचं. त्याला आता मोकळा करा. घरी पाठवता येत नसेल तर तसा निरोप तरी द्या. त्याची बायको थांबलीय." तो परत खोकला. "मग ते आलं. मी धक्क्याआड पालथा पडलो. टोपली बाहेरच राहिली. उठून बघतो तर..."

त्याने पंचा बाजूला केला. टोपलीत चांगली चार बोटं राख होती. बारीक, पिठासारखी.

"रिकामी नाही पाठवली त्यांनी," तो म्हणाला.

मी हसणार होते, खरंच. त्याच्या त्या ध्यानाकडे बघून कुणीही हसलं असतं. पण लेगिनेमने टोपलीत हात घातला. मनगटापर्यंत घातला, आणि तसाच ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "अजून कोमट आहे गं, वार्सिया."

आणि मग ती रडली. रस्त्यातच बसून, टोपली मांडीवर घेऊन. सारिजो गेला तेव्हाचं, मधल्या सगळ्या वर्षांचं रडली. मी आणि पोनिमान दोन बाजूंना उभे राहिलो, आणि आमच्या तिघांच्या अंगावर आजोबांची राख पडत राहिली. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मला एवढंच वाटत होतं की हिला कुणी घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर साहेबांनी पोनिमानला सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात झापलं, आणि बरं केलं. मलाही दोन शब्द मिळाले. मी खाली मान घालून तेंपे तळत राहिले.

त्या राखेला लेगिनेमने आमच्या कबरस्तानात, सारिजोच्या आईशेजारी माती दिली. मशिदीतले मोदिनकाका आधी दाढी खाजवत उभे राहिले. म्हणाले, "हे नियमात कुठं बसतं ते मला ठाऊक नाही. पण दुआ मागायला कुणाची मनाई नाही." आणि सगळी दुआ त्यांनी नीट, सावकाश म्हटली. दगडावर सारिजोचं नाव लिहिलं. लेगिनेमने पाणी शिंपडलं, फुलं टाकली, आणि उठताना मातीवर हात टेकून हळूच म्हणाली, "फार राबलास. आता नीज."

दिवस गेले. पोनिमान मला काही विचारेना आणि मीही तोंड मिटून होते, यातच काय ते समजा. मग एका संध्याकाळी भिंतीवरून आवाज आला.

"वार्सिया, पोनिमान आहेत का दुकानात?"

"आहेत. कॉफी ढवळतायत."

"त्यांना म्हणावं, गवताचा भारा मागे टाकत जाऊ नका. पुढल्या दाराने येत जा."

"तूच सांग की! मी काय जन्मभर मध्ये उभी राहू?"

पोनिमान उठला, रुमाल नीट केला आणि परीक्षेला निघाल्यासारखा भिंतीला वळसा घालून गेला. मी काही ऐकायला गेले नाही. मिरच्या तोडायला गेले. आता मिरचीचं झाड भिंतीलाच लागून आहे त्याला मी काय करू?

तो ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. लेगिनेमने आतून तो पेला आणला, वर पत्र्याचं झाकण, आणि त्याच्यापुढे ठेवला. दोघंही त्या पेल्याकडे बघत राहिली. पोनिमानला हात लावायचा धीर होईना. तेवढ्यात माझ्या दुकानातला रेडिओ मेला नेमका खरखरला आणि साहेब संध्याकाळचं सांगायला लागले. ढासळलेल्या जागी घुमट पुन्हा वाढू लागला आहे. वाढ सावकाश आहे, पण थांबलेली नाही.

मांडव परत चढतोय. मी मिरच्या तोडायची थांबले. पोनिमाननेही मान खाली घातली. आता ती काय म्हणणार ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

लेगिनेमने वर शिखराकडे एकदा बघितलं. मग समोरच्या पायरीवर बसली.

"झाकण काढा," ती म्हणाली. "प्या, निवेल."